चार नंबरचा सिग्नल

माझ्या मंगळसूत्राची एक जुनी वाटी डब्यात पडून होती. पातळ पत्र्याची, आतली लाख निघून गेलेली, एका बाजूने चेपलेली. मार्च २०२३ मधल्या एका शनिवारी रात्री मी ती जेवणाच्या टेबलावर ठेवली. हातातल्या बांगड्या आणि घड्याळ काढून बाजूला ठेवलं (नाहीतर यंत्र आधी बांगड्यांनाच ओरडतं) आणि वाटीवरून मेटल डिटेक्टरची कॉइल, म्हणजे दांड्याच्या टोकाची गोल थाळी, फिरवली. पडद्यावर आकडा आला ४. मग लेकाने नुकत्याच संपवलेल्या चॉकलेटचा चंदेरी कागद चुरगाळून तिथेच ठेवला. त्याचाही आकडा ४. कागद घट्ट दाबला तर ५, उलगडला तर ३. वाटी फिरवली तर ३, ४, ३.

नवरा म्हणाला, "म्हणजे चारशे पौंडांच्या यंत्राला तुझं मंगळसूत्र आणि हा कचरा सारखाच."

त्याचं म्हणणं बरोबर होतं. गंमत म्हणजे हे पहिल्याच रात्री कळूनही पुढचे सहा महिने मी उलटंच वागले, कारण हा आकडा मला नको होता. मला असं सेटिंग हवं होतं की फक्त चांगलं तेवढं वाजेल. असं सेटिंग शोधणारे नवखे बरेच दिसतात, म्हणून माझे दोन हंगाम कसे गेले ते लिहून काढतेय.

मी इंग्लंडमध्ये मिल्टन कीन्सला राहते, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. माहेर बार्शीकडचं. आमच्या गावाला काळी आहे तशी पांढरीही आहे. जुनं गाव जिथे नांदलं ती राखेरी, भुसभुशीत जमीन. पहिला जोराचा पाऊस झाला की आम्ही पोरी पांढरीत मणी वेचायला जायचो. कधी काचेच्या बांगडीचा तुकडा, कधी हिरवट झालेला तांब्याचा पैसा. इकडे आल्यावर कळलं की मंक्स्टन नावाच्या ज्या भागातून मी रोज गाडीने जाते, तिथे २००० साली दोन डिटेक्टरवाल्यांना कांस्ययुगातले सोन्याचे हार आणि कडी सापडली होती. वजन दोन किलोंच्या वर. आता ते ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. ते वाचलं आणि पांढरी आठवली. मला सोनं हवं होतं असं नाही. पण नव्हतंच, असंही म्हणवत नाही.

जानेवारीत मिनलॅब इक्विनॉक्स ८०० हा जुना डिटेक्टर घेतला, ४१० पौंडांना, हेडफोनसकट. त्यावर पिनपॉइंटर ९० पौंड. मातीत नेमकी वस्तू कुठे आहे ते सांगणारी ही गाजराएवढी कांडी. ती नसेल तर एका बटणासाठी अर्धा तास ढेकळं फोडत बसाल. लांब दांड्याचं लहान फावडं ३८. नॅशनल कौन्सिल फॉर मेटल डिटेक्टिंगची वर्गणी भरली, कारण सभासदत्वाबरोबर एक कोटी पौंडांचा सार्वजनिक दायित्वाचा विमा मिळतो आणि शेतकरी पहिल्यांदा तोच विचारतात. वर्गणी दोघांच्या हॉटेलातल्या जेवणापेक्षा कमी आहे, तिथे काटकसर नको.

टेबलावरची ती रात्र पुढे बरीच लांबली. चांदीची जोडवी ठणठणीत वाजली, विशीच्या पुढे. कोल्ड्रिंकच्या कॅनची कडी १३-१४. माझी नाजूक बावीस कॅरेटची अंगठी १४. इथले जुने, १९९२ च्या आधीचे दोन पेन्स ब्राँझचे आहेत, ते स्वच्छ वाजतात. त्यानंतरचे पोलादावर तांब्याचा मुलामा दिलेले, त्यांचा आकडा जागेवर ठरत नाही. आपलं स्टीलचं रुपयाचं नाणंही तसंच, कधी लोखंड तर कधी खजिना. सगळं एका वहीत लिहिलं. ही वही पुढे यंत्राइतकीच कामाची ठरली.

आकडा येतो कुठून हे मला सोप्या शब्दांत असं समजलं. कॉइल जमिनीत बदलतं चुंबकीय क्षेत्र सोडते, त्याने धातूत वीज फिरते, आणि ती वीज परत हाक देते. हाक किती मागे पडून येते त्यावरून यंत्र आकडा ठरवतं. म्हणजे तो आकडा धातूचं नाव सांगत नाही. धातू, जाडी, आकार, मातीत आडवा आहे की उभा, या सगळ्याचं मिळून ते एक मत असतं. पातळ सोनं आणि पातळ अ‍ॅल्युमिनियम यांची हाक जवळजवळ सारखी. माझ्या यंत्रावर उणे ९ ते ० लोखंड आणि १ ते ४० बाकीचं. सोन्याला वेगळी जागा नाही. सोनं १ पासून तिशीपर्यंत कुठेही बसू शकतं, आणि त्याच रांगेत कागद, कड्या, शिसं, काडतुसांची बुडं.

मार्च ते ऑगस्ट वेळ गेला तो परवानगीत. इथे कुठल्याही जमिनीवर मालकाच्या परवानगीशिवाय डिटेक्टर चालवायचा नाही, पालिकेच्या बागेतही नाही. संरक्षित स्मारकाच्या जागेवर तर १९७९ च्या कायद्याने गुन्हाच आहे. सरकारी 'मॅजिक' नकाशावर शेताचा तुकडा उघडून ते तपासता येतं. शेत एखाद्या पर्यावरण अनुदान योजनेत आहे का तेही विचारून घ्यावं, कारण तिथे आणखी नियम असतात. मी १४ पत्रं टाकली. नऊ जणांचं उत्तर नाही, तिघांचा नकार, दोघांचा होकार. पत्रात ओळख, विम्याचा उल्लेख, खड्डे बुजवीन, फाटक लावीन, सापडलेलं सगळं दाखवीन, आणि किंमत आलीच तर निम्मी-निम्मी, एवढंच. लांबलचक पत्रांना उत्तर आलं नाही. अर्ध्या पानाच्या पत्रांना आलं.

पहिलं शेत एप्रिलमध्ये मिळालं आणि तीन फेऱ्यांत सोडलं. तिथे बागकचऱ्याचं कंपोस्ट पसरलेलं होतं. लोकांच्या हिरव्या कचऱ्याच्या डब्यात चुकून गेलेले कॅन यंत्रात दळले जातात आणि करवतीच्या भुशासारखे शेतभर होतात. तीन तासांत १०८ सिग्नल, सगळे अ‍ॅल्युमिनियमचे कपटे. त्याच रागात मी ठरवलं, २० च्या खालचं सगळं बंद करायचं.

हेच ते डिस्क्रिमिनेशन. नको असलेल्या आकड्यांवर यंत्राला गप्प बसवायचं. बटण दाबत एकेक चौकट विझवत जायची. विझवताना फार बरं वाटतं, घर आवरल्यासारखं.

दुसरं शेत साठीच्या एका शेतकरीणबाईंचं. त्यांनी विम्याआधी विचारलं, कुत्रा आणणार का? नाही म्हटल्यावर सही केली. २ सप्टेंबर २०२३, गहू नुकताच कापलेला. इथली धसकटं ज्वारीच्या मानाने गरीब, पण कॉइल त्यांच्यावरून सरकवायची तर जमिनीपासून चार बोटं वर राहते, आणि तेवढी खोली हातची जाते. मी धसकटांवर कॉइल दाबून फिरवली, २० च्या खालचं सगळं बंद ठेवून. सात तास. शांतता अशी की हेडफोन बिघडले की काय म्हणून मी दोनदा खिशातल्या चाव्यांवरून कॉइल फिरवून पाहिली. शेवटी व्हिक्टोरिया राणीची दोन झिजलेली पेनी आणि काडतुसाचं एक पितळी बूड. घरी येताना वाटलं, या शेतात काही नाहीच.

दोन आठवड्यांनी, १७ तारखेला, डिटेक्टरवाल्यांच्या क्लबातले एक आजोबा माझ्याबरोबर आले. पंच्याहत्तरीचे, आयुष्यभर ट्रक चालवलेला. त्यांनी माझं यंत्र हातात घेतलं, पडदा पाहिला आणि काही न बोलता फॅक्टरी सेटिंगला नेऊन सोडलं. सहा महिन्यांची आवराआवर एका बटणात गेली.

मग त्यांनी जे केलं ते क्रमाने सांगते, कारण यानंतर मी दर वेळी हेच करते. आधी दोघांचे फोन एअरप्लेन मोडवर टाकून मागच्या खिशात. कॉइल कमरेएवढी वर, स्थिर धरून नॉइज कॅन्सल, म्हणजे आजूबाजूच्या विजेचा गोंगाट गाळणं. शेताच्या कडेने विजेच्या तारा गेल्या होत्या, त्यांच्याजवळ यंत्र आपोआप किणकिणत होतं, ते निम्म्यावर आलं. मग धातू नसलेली हातभर जागा शोधून तिथे कॉइल वर-खाली हलवत ग्राउंड बॅलन्स. जमिनीतल्या खनिजांचा स्वतःचा एक आवाज असतो, तो यंत्राला 'हा शून्य' म्हणून ओळखायला लावायचा. आमच्याकडच्या चिकणमातीत तो फार त्रास देत नाही. सेन्सिटिव्हिटी, म्हणजे यंत्र किती बारीक हाकेला दाद देतं ते, मी २५ वर, म्हणजे शेवटाला नेली होती, जास्त म्हणजे चांगलं या समजुतीने. त्यांनी १८ वर आणली. जेवढ्यावर यंत्र उगाच बडबडत नाही तेवढीच ठेवायची. बडबडणारं यंत्र दोन इंच जास्त खोल जात असेल, पण आपले कान पहिल्या तासातच थकतात.

मोड त्यांनी फिल्ड २ निवडला, पन्नास सुरांचा, म्हणजे आकड्यागणिक वेगळा सूर. फिल्ड मोडमध्ये १ आणि २ हे आकडे लोखंडासारखेच खालच्या सुरात टाकलेले असतात. कारण कोक. वाफेच्या इंजिनांनी इथे नांगरट व्हायची, त्यांचे जळलेले कोळसे अजून मातीत आहेत आणि ते धातूसारखे वाजतात. आणि शेवटी त्यांनी घोड्याच्या नालाच्या चित्राचं बटण दाबलं. सगळे धातू चालू. लोखंडाचा आवाज पूर्ण न विझवता अगदी बारीक केला, मागे कुणीतरी हळू आवाजात बोलत असावं इतका.

"लोखंड ऐकू आलं पाहिजे," ते म्हणाले. "घर कुठे होतं ते लोखंडच सांगतं."

मला पुन्हा पांढरी आठवली. खिळे जिथे दाट, तिथे माणसं राहिली. मी लोखंड बंद करून फिरत होते म्हणजे गाव कुठे होतं हेच पुसून फिरत होते.

पट्टा तोच, २ सप्टेंबरचा. माझ्या बुटांच्या खुणाही काही ठिकाणी होत्या. आजोबा रांगोळीची रेघ ओढावी तशी कॉइल सावकाश ओढत होते, प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर निम्मी चढवत. चाळीसएक पावलांवर एक बारीक आवाज आला. ६, ७, ६. त्यांनी जागा न सोडता स्वतःभोवती काटकोनात वळून पुन्हा कॉइल फिरवली. ६, ६, ७. "दोन्हीकडून सारखा. खण." गंजलेलं लोखंड एका बाजूने उंच सुरात वाजतं आणि वळलं की मोडतं किंवा जागा बदलतं. हा सिग्नल जागेवर होता.

मी गवताचं झाकण उघडावं तसा मातीचा तुकडा एका बाजूने कापून उलटा केला. वीतभर खोल. पिनपॉइंटर थरथरला, पण काही दिसेना. ढेकूळ हातात मोडलं तेव्हा अंगठ्याच्या नखाएवढं, काळपट, अर्धगोल काहीतरी निघालं. मी टाकूनच देणार होते. आजोबांनी मनगट धरलं. थुंकी न लावता, न घासता, बाटलीतलं थेंबभर पाणी सोडलं. एका बाजूला दुहेरी रेघेच्या क्रॉसचा अर्धा भाग आणि कडेने चार अक्षरं.

१२४७ मध्ये इंग्लंडच्या तिसऱ्या हेन्री राजाने चांदीच्या पेनीवरचा क्रॉस कडेपर्यंत वाढवला. कडा कातरून चांदी चोरणारा लगेच दिसावा म्हणून. त्याच रेघेवर लोक नाण्याचे सरळ दोन किंवा चार तुकडे करायचे आणि ते अर्धी आणि पाव पेनी म्हणून चालायचे. १२७९ नंतर पहिल्या एडवर्डने गोल अर्धी-पाव नाणी काढली, मग कापणं मागे पडलं. म्हणजे माझ्या तळहातावर साडेसातशे वर्षांपूर्वीची कुणाची तरी सुट्टी मोड होती. वजनाला ग्रॅमपेक्षा कमी. आणि यंत्राच्या दृष्टीने चॉकलेटच्या कागदाची सख्खी शेजारीण.

दोन आठवड्यांपूर्वी मी तिच्यावरून गेले होते. यंत्राने तिला ऐकलंही असणार. मीच त्याला गप्प बसायला सांगितलं होतं.

त्या आठवड्यात परसात एक प्रयोग केला. तीच पिचकी वाटी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, पिशवीला पतंगाचा मांजा बांधून, चार इंच खोल पुरली. मांजाचं टोक वर खुंटीला. हा मांजा अजिबात विसरू नका. सासूबाई व्हिडिओ कॉलवर होत्या. "अगं, मंगळसूत्राची वाटी मातीत पुरतेस?" त्यांना समजावण्यात प्रयोगाइतकाच वेळ गेला. वाटीशेजारी बोटभर अंतरावर एक गंजका खिळा पुरला. रिकव्हरी स्पीड ३ वर ठेवून फिरवलं, फक्त खिळ्याची कुरकुर. ६ वर नेलं, खिळ्याच्या कुरकुरीतून एक 'टिक' सुटला. ७ वर स्पष्ट. रिकव्हरी स्पीड म्हणजे एका वस्तूचं ऐकून झाल्यावर यंत्र दुसरीसाठी किती लवकर मोकळं होतं ते. तो वाढवला की खोली थोडी कमी होते, पण खिळ्यांच्या गर्दीत खोलीचं करायचं काय? आयर्न बायस नावाचं दुसरं सेटिंग आहे. ते वर नेलं तर संशयास्पद आवाज यंत्र लोखंडाच्या खात्यात टाकतं. फॅक्टरीच्या आकड्यावर 'टिक' निम्म्या वेळा गायब व्हायचा. १ वर आणल्यावर टिकला. त्याबदल्यात चारदोन गंजके खिळे जास्त खणावे लागतात, ते खणते.

लोखंडाला सरसकट कचरा म्हणणाऱ्यांना आमच्या क्लबात एक गोष्ट ऐकवतात. १९९२ साली सफोकमधल्या हॉक्सन (Hoxne) गावात एका शेतकऱ्याचा हातोडा हरवला. तो शोधायला मित्र डिटेक्टर घेऊन गेला आणि रोमन काळातली जवळजवळ १५,००० नाणी आणि सोन्याचे दागिने सापडले. हातोडाही सापडला. तोही ब्रिटिश म्युझियममध्येच आहे.

मुख्य गोष्ट घडली ७ ऑक्टोबरला. पेरणी चार दिवसांवर आली होती, शेत नांगरून सपाट झालेलं, रात्री पाऊस पडून गेलेला. ओल्या मातीत सिग्नल स्पष्ट येतात, शक्य असेल तर पावसानंतरचा दिवस धरा. सकाळपासून ११ खड्डे झाले होते. शिशाच्या गोळ्या, बटणं, कड्या. बारावा सिग्नल ११-१२-११. कड्यांच्या आकड्याच्या अगदी खाली. गुडघे दुखत होते आणि डब्यातले थालीपीठ खुणावत होते. कडीच असणार, असं मनात शंभर टक्के. पण वहीत आजोबांचा नियम लिहिला होता, दोन्हीकडून सारखा वाजला तर खणायचं, मत विचारायचं नाही.

दोन सेंटिमीटरची एक नक्षीदार चकती निघाली, मागे मोडका हुक. मातीच्या भेगेतून सोन्याचा मुलामा चमकत होता. मुलाम्याखाली चांदी. ट्यूडर काळातल्या, म्हणजे साधारण सोळाव्या शतकातल्या, बायका झगा वर खोचून ठेवायला असे हुक लावत, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी फक्त एवढंच कळलं की पदराला लावायच्या पिनेसारखं काहीतरी आहे, आणि ते बाईचं आहे. मी बराच वेळ सरीत बसून राहिले.

आता कागदपत्रं. इंग्लंडमध्ये १९९६ च्या ट्रेझर अ‍ॅक्टप्रमाणे ३०० वर्षांहून जुनी आणि वजनाच्या किमान १० टक्के सोनं किंवा चांदी असलेली वस्तू 'ट्रेझर' ठरते. एकटं नाणं सहसा ठरत नाही, एकाच ठिकाणची दोन किंवा अधिक सोन्या-चांदीची नाणी ठरतात. म्हणून अर्धी पेनी माझ्याकडे राहिली, फक्त नोंद झाली. जुलै २०२३ च्या अखेरीपासून नियम वाढला आहे. २०० वर्षांहून जुनी, धातूची आणि विशेष महत्त्वाची वस्तूही त्यात येऊ शकते. ट्रेझर असेल असं वाटल्यापासून १४ दिवसांत कळवावं लागतं. न कळवणं गुन्हा आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. कळवायचं कोरोनरला. मृत्यूची चौकशी करणारा तोच अधिकारी. मी घाबरून फोनच करणार होते, पण प्रत्यक्षात जिल्ह्याच्या फाइंड्स लायझन ऑफिसरमार्फत सगळं होतं. ब्रिटिश म्युझियमच्या पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमचे हे लोक. मी त्याच रात्री ईमेल टाकली, फोटो आणि नकाशावरचा आठ अंकी ग्रिड संदर्भ जोडून. आठ अंक म्हणजे दहा मीटरपर्यंत नेमकं ठिकाण. फोनवरचं अ‍ॅप ते खड्ड्याशेजारी उभं राहूनच देतं. घरी येऊन आठवून लिहू नका.

१९ ऑक्टोबरची वेळ मिळाली. मी मराठी घरातली, पितळ-तांबं दिसलं की हात पितांबरीकडे जातो. तर चिंच नाही, पितांबरी नाही, टूथपेस्ट नाही. माती लागलेलीच वस्तू प्लॅस्टिकच्या डबीत, वेगळी, वर तारीख आणि आकडा. ऑफिसर मॅडमनी भिंगातून पाहिलं, पावती दिली, आणि म्हणाल्या, वेळ लागेल. मी समजले महिना-दोन महिने.

१३ महिने लागले. मधे दोनदा मीच विचारलं, दोन्ही वेळा नम्र उत्तर, काम चालू आहे. जून २०२४ मध्ये पत्र आलं की स्थानिक संग्रहालयाला वस्तू घ्यायची इच्छा नाही. मन जरासं पडलं, खोटं कशाला बोलू. संग्रहालयाने घेतली असती तर तज्ज्ञ समितीने किंमत ठरवून ती मला आणि जमीनमालकाला मिळाली असती. नाकारली की वस्तू परत येते, पण आधी मालकाला पत्र जातं आणि हरकत घ्यायला २८ दिवस मिळतात. नोव्हेंबरमध्ये हुक परत आला. आता तो शेतकरीणबाईंच्या दिवाणखान्यात शेकोटीच्या वरच्या फळीवर, नातवंडांच्या फोटोंमध्ये आहे. माझ्याकडे नोंदीचा क्रमांक आहे आणि दोन फोटो.

गावाकडून तीन जणांनी विचारलं, यंत्र घेऊन ये, आपल्या पांढरीत फिरवू. नाही. भारतात १८७८ चा ट्रेझर ट्रोव्ह अ‍ॅक्ट अजून लागू आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचं काही जमिनीत सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. किल्ले, लेणी, संरक्षित जागा यांचं तर बोलायलाच नको. इथल्यासारखी हौशी माणसाकडून नोंद करून घेणारी सोय तिथे नाही, आणि नोंद न होता उपसलेली वस्तू म्हणजे नुसता धातू. स्कॉटलंडला सहलीला जाणाऱ्यांनीही लक्षात ठेवा, तिथला कायदा वेगळा आहे, जुनं सापडलेलं काहीही आधी सरकारचं.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये गहू निघून रेपसीड (मोहरीच्या जातीचं तेलबियांचं पीक) पेरेपर्यंत मला नऊच दिवस मिळाले. वहीत त्या नऊ दिवसांचे १६३ खड्डे आहेत. प्रत्येकापुढे आकडा, आवाज कसा, मला काय वाटलं, निघालं काय. शेवटचे दोन रकाने शेजारी ठेवून पाहिले की हसू येतं. १० च्या खालचे माझे अंदाज बहुतेक चुकलेत, विशीच्या पुढचे बहुतेक बरोबर. गोल वस्तूचा आवाज कडेला गुळगुळीत तुटतो, चुरगाळलेल्या कागदाचा फाटल्यासारखा, एवढं कानाला आता कळतं. पण वाटीही चुरगाळलेली असू शकते, त्यामुळे खणते. निघालेला कचरा कंबरेच्या दुसऱ्या पिशवीत, शेतात परत टाकत नाही. तो पुढच्या वर्षी पुन्हा आपल्यालाच वाजणार. गेल्या हंगामाचा पावणेतीन किलो भरला. भंगारवाल्याने शिशाचे तेवढे चार पौंड दिले.

सध्या मे आहे. शेत पिवळंधमक फुललंय, बांधावरूनसुद्धा आत शिरायला जागा नाही. यंत्र जिन्याखालच्या कपाटात आहे, महिन्यातून एकदा चार्ज करते. वाटी परसात अजून पुरलेली आहे, सेटिंग बदललं की आधी तिच्यावरून फिरवून पाहते. काल मांजा कुणीतरी तोडलेला दिसला, बहुधा खारीने. कॉइल फिरवली. ४, ३, ४. तिच्या शेजारी वीतभरावर आणखी एक ४ वाजतोय, तो मी पुरलेला नाही. संध्याकाळी फावडं घेऊन बघते.